बियांपासून लार्चची रोपे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लार्च हे सूचिपर्णी झाड, पण पाइन किंवा देवदारासारखे बारमाही हिरवे राहत नाही. शरदात त्याच्या सुया पिवळ्याधमक होतात आणि गळून पडतात. बियांपासून रोपे करणे तसे अवघड नाही. तरीही बहुतेकांचा हिशेब दोन ठिकाणी चुकतो. पाकिटातल्या किती बिया खरोखर भरलेल्या आहेत, हे पहिले ठिकाण. उगवल्यानंतरच्या सहा आठवड्यांत पाणी किती द्यायचे, हे दुसरे. लागवडीची वेळ प्रत्येक प्रदेशात वेगळी असते, म्हणून खाली महिन्यांऐवजी ऋतू दिले आहेत.

लार्च कुठेही वाढतो का?

नाही. त्याला खरा हिवाळा लागतो. कित्येक आठवडे तापमान शून्याच्या आसपास किंवा त्याखाली राहिले, तरच कळ्यांची सुप्तावस्था नीट पूर्ण होते. उष्ण प्रदेशात बी उगवते, रोप वर्ष-दोन वर्षे तगते आणि मग वसंतात कळ्या अर्धवट फुटून रोप खंगत जाते. घरात कुंडीत ठेवायचे हे झाड नाही. सावलीही त्याला चालत नाही. सूचिपर्णी झाडांत इतकी प्रकाशाची भूक असलेली झाडे थोडीच आहेत.

कोणत्या जातीपासून सुरुवात करावी?

पहिल्यांदा करत असाल तर युरोपीय लार्च (लॅरिक्स डेसिडुआ) किंवा जपानी लार्च (लॅरिक्स केम्फेरी) घ्या. पहिला आल्प्स आणि कार्पेथियन डोंगरांतला, दुसरा जपानच्या होन्शू बेटाच्या मध्यभागातल्या पर्वतांतला. जपानी लार्चचे बी शंकूतून सहज सुटते आणि सुयांच्या करपा रोगालाही तो फारसा दाद देत नाही. युरोपीय लार्चला कोरडी हवा जास्त मानवते.

जागा पाणथळ असेल तर उत्तर अमेरिकेतला टॅमरॅक (लॅरिक्स लॅरिसिना) पाहा. तो दलदलीच्या कडेलाही वाढतो. सायबेरियन लार्च कडाक्याच्या थंडीत उत्तम, पण समुद्राजवळच्या सौम्य हवेत त्याच्या कळ्या फार लवकर फुटतात आणि उशिराच्या दहिवराने होरपळतात. रॉकी पर्वताच्या उंचीवरचा लॅरिक्स लायली नवशिक्याने घेऊ नये. त्याचे बी उगवायला हट्टी आहे.

युरोपीय आणि जपानी यांच्या संकराला डंकेल्ड लार्च म्हणतात. स्कॉटलंडमधल्या डंकेल्ड या गावावरून हे नाव पडले. संकराची पहिली पिढी जोमदार असते. त्या झाडांखाली गोळा केलेल्या बियांची रोपे मात्र एकसारखी निघत नाहीत : काही आईबापांपेक्षा सरस, काही अगदीच किरकोळ.

शंकू झाडावरून कधी काढावेत?

लार्चचे शंकू एकाच हंगामात पिकतात. हिरवा किंवा जांभळट रंग जाऊन तपकिरी रंग आला, पण खवले अजून मिटलेले आहेत, तेव्हा काढा. युरोपीय लार्च शरदापासून पुढच्या वसंतापर्यंत थोडे थोडे बी सोडतो, त्यामुळे सवड मिळते. टॅमरॅक आणि पश्चिमी लार्च (लॅरिक्स ऑक्सिडेंटॅलिस) इतका वेळ देत नाहीत. उन्हाळा सरता सरता त्यांचे शंकू पिकतात आणि उघडू लागतात.

रिकामे, राखाडी शंकू कित्येक वर्षे फांदीवरच राहतात. जमिनीवर पडलेल्या वाळक्या फांद्यांवर तेच असतात. ते गोळा करण्यात अर्थ नाही. या वर्षीचे शंकू नव्या रंगाचे आणि जड लागतात.

युरोपीय लार्चचे शंकू वाळवले तरी उघडत नाहीत. काय करावे?

हा त्या जातीचा स्वभावच आहे. खवले थोडे किलकिले होतात आणि राळेमुळे तिथेच अडकतात. शंकू जाळीच्या ट्रेमध्ये एकेरी थरात पसरा आणि खेळत्या हवेत 35 ते 40 अंश सेल्सिअसला दोन-तीन दिवस ठेवा. मग रात्रभर पाण्यात भिजवून पुन्हा वाळवा. दोन-तीन फेऱ्यांनंतर बंद डब्यात जोरात खुळखुळवले की बरेच बी सुटते. उरलेल्यासाठी शंकू मधून फोडावा लागतो. त्यात तळाचे थोडे बी चिरडते, ते गृहीत धरा. ओले शंकू थेट 50 अंशांवर ठेवू नका. ओलसर बी गरम झाले की आतला गर्भ मरतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

सुटलेले बी कापडी पिशवीत हलके चोळून पंख काढा आणि पाखडून घ्या.

पाकिटातल्या निम्म्याहून जास्त बिया उगवल्याच नाहीत. बी जुने होते का?

असेलही. पण लार्चच्या बाबतीत पहिला संशय पोचट बियांवर घ्यावा. पाइनच्या परागकणांना हवेच्या पिशव्या असतात, लार्चच्या नसतात. त्यामुळे पराग फार दूर पोचत नाहीत. एकट्या उभ्या झाडावर परागण नीट होत नाही आणि झाले तरी स्वतःच्याच परागाने होते, तेव्हा गर्भ मधेच जिरतो. विशेष म्हणजे आत काही नसले तरी कवच पूर्ण वाढते. वरून भरलेले आणि पोचट बी सारखेच दिसते.

चांगल्या लॉटमध्येही युरोपीय लार्चची उगवण साधारण 30 ते 50 टक्के असते. विक्रेत्याने 40 टक्के लिहिले असेल तर तो फसवत नाही, प्रामाणिकपणे सांगतो आहे. 95 टक्क्यांचा दावा दिसला तर मात्र दोनदा विचार करा.

पाण्यात तरंगणारे बी फेकून द्यावे का?

नको. भाजीपाल्याच्या बियांना लागू पडणारी ही युक्ती इथे फसते. लार्चचे कवच जाड आणि जड असल्याने पोचट बीही बुडते, तर भरलेले कोरडे बी पंखाच्या तुकड्यामुळे किंवा चिकटलेल्या हवेमुळे तरंगत राहते.

खात्रीची चाचणी म्हणजे ब्लेड. लॉटमधून न निवडता 50 बिया घ्या आणि प्रत्येक बी लांबीच्या बाजूने कापा. आत पांढरा, घट्ट, मेणासारखा गर असेल तर बी भरलेले. पोकळी, तपकिरी पापुद्रा किंवा राळ दिसली तर पोचट. गर पिवळट आणि सुकून आक्रसलेला असेल तर बी कधीकाळी भरलेले होते, आता मेले आहे. 50 पैकी 22 चांगल्या निघाल्या तर उगवणीची कमाल मर्यादा 44 टक्के. यापुढची कोणतीही प्रक्रिया हा आकडा वाढवू शकत नाही.

मग किती बी घ्यावे?

हिशेब उलटा करा. युरोपीय लार्चच्या 1000 बियांचे वजन सुमारे 6 ग्रॅम भरते, जपानी लार्चचे सुमारे 4 ग्रॅम, टॅमरॅकचे 2 ग्रॅमपेक्षाही कमी. समजा वर्षअखेर युरोपीय लार्चची 100 रोपे हवीत. उगवलेल्यांपैकी चौथा हिस्सा वाटेत जाईल असे धरा, म्हणजे सुमारे 135 उगवायला हवीत. उगवण 40 टक्के असेल तर 340 बिया, अर्थात साधारण 2 ग्रॅम. पहिलाच प्रयत्न असेल तर 3 ग्रॅम घ्या.

बी किती वर्षे टिकते?

नीट वाळवलेले (ओलावा 6 ते 8 टक्के) आणि हवाबंद बरणीतले बी फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांना अनेक वर्षे टिकते. साध्या फ्रीजमध्ये दोन-तीन हंगाम निर्धास्त. उबदार खोलीत कागदी पाकिटात ठेवलेल्या बियांचा भरवसा दुसऱ्याच वर्षी कमी होतो. बरणी फ्रीजरमधून काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर बियांवर दव धरते.

पेरण्याआधी थंडी द्यावीच लागते का?

लार्चच्या बियांची सुप्तावस्था उथळ असते, म्हणून थंडी न देता पेरले तरी काही बी उगवते. पण ते महिना-दीड महिना रखडत, एकेक करून वर येते. तीन ते चार आठवडे ओली थंडी दिली की बहुतेक बी दोन-तीन आठवड्यांत एकदम उगवते. हा फरक केवळ सोयीचा नाही. रोपे एका वयाची असली की त्यांना एकसारखे पाणी देता येते आणि रोगाचा धोकाही कमी होतो.

बी 24 तास साध्या पाण्यात भिजवा. पाणी एकदा बदला. मग गाळणीतून निथळू द्या आणि टिपकागदावर पसरून वरची चकाकी जाईपर्यंत सुकवा. आत ओलावा हवा, पण बी एकमेकांना चिकटता कामा नये. असे बी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड सैल बांधा आणि 1 ते 5 अंशांना फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. वाळूत किंवा पीटमध्ये (दलदलीत साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा चुरा) मिसळण्याची गरज नाही. थोडे बी असेल तर ओलसर वाळूत ठेवणे सोपे जाते, इतकेच. पिशवीवर तारीख आणि जात लिहा. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून हलवा, म्हणजे ताजी हवा मिळते. बी निस्तेज आणि कोरडे दिसले तर पाण्याचा हलका फवारा मारा.

पश्चिमी लार्चला सहा आठवडे द्या. जुन्या बियांना मात्र थंडीची मुदत वाढवत नेऊ नका, ते त्यात दमते.

पिशवीत बुरशी आली.

पांढरी बुरशी बहुधा पोचट आणि मेलेल्या बियांवरच येते. बी चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवा, पुन्हा वरवर सुकवा आणि नव्या पिशवीत ठेवा. आंबूस वास येत असेल तर पिशवीत पाणी जास्त झाले आहे आणि हवा कमी पडली आहे.

फ्रीजमध्येच मोड आले तर?

त्याच दिवशी पेरा. मोड 2 ते 3 मिलिमीटरपर्यंत असतील तर काही बिघडत नाही. त्यापेक्षा लांब झाले की हाताळताना तुटतात.

शरदात थेट बाहेर पेरले तर चालेल का?

चालते. थंडीचे काम निसर्गच करतो. पण सगळा हिवाळा ते बी उंदीर आणि पक्ष्यांच्या तोंडी असते. गादीवाफ्यावर 6 मिलिमीटरची तारेची जाळी कडेने जमिनीत गाडून लावणार असाल तरच हे करा. शिवाय हिवाळ्यात मधेच ऊब आली तर बी वेळेआधी फुटते आणि पुढच्या गोठणीत मरते. बी थोडे आणि मोलाचे असेल तर फ्रीज बरा.

माध्यम कोणते वापरावे?

पाणी झटकन उतरेल आणि सामू (pH, आम्लतेचे माप) 5 ते 6 राहील असे. पीट किंवा धुतलेले कोकोपीट दोन भाग, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा 2 ते 3 मिलिमीटरची भरड वाळू एक भाग, मूठभर पाइनच्या सालीचा चुरा. शेणखत, गांडूळखत, बागेतली माती यांना या टप्प्यावर जागा नाही. खत चांगले की वाईट हा इथे मुद्दाच नाही. लार्चचे कोवळे रोप नत्राने फुगते, त्याचे खोड मऊ राहते आणि बुरशीला आयतेच सापडते. चुनखडीयुक्त वाळूही टाळा. वाळूच्या चिमटीवर व्हिनेगर टाकून फेस आला तर ती बदला.

रोपे वर्षभर त्याच भांड्यात ठेवायची असतील तर 15 सेंटिमीटर खोल, 150 ते 300 मिलिलिटरचे, आतून उभ्या कडा असलेले आणि तळाशी उघडे कप घ्या. ते जमिनीपासून वर, जाळीच्या मांडणीवर ठेवा. तळातून डोकावणारे मूळ हवेने सुकून थांबते आणि वर फुटवे फुटतात. गुळगुळीत गोल कुंडीत मुळे चक्राकार फिरत राहतात. झाड दहा वर्षांचे होऊन वाऱ्यात कलंडले की ती चूक कळते.

किती खोल पेरावे?

3 ते 5 मिलिमीटर. माध्यम आधी भिजवून वाफशावर येऊ द्या, बी विखरून हलके दाबा आणि वर 2 ते 3 मिलिमीटरच्या फिकट रंगाच्या खडीचा पातळ थर द्या. वरून माती किंवा पीट टाकू नका. खडी पृष्ठभाग कोरडा ठेवते, शेवाळ येऊ देत नाही आणि ऊन परतवते. कपात पेरताना उगवण 40 टक्के असेल तर प्रत्येकी तीन ते चार बिया टाका. जास्त उगवली तर नको असलेली कात्रीने कापा. उपटली तर शेजारच्या रोपाचे मूळ हलते.

उगवण किती दिवसांत दिसेल?

थंडी दिलेले बी 18 ते 22 अंशांना साधारण 10 ते 20 दिवसांत. दिवसा गरम, रात्री थोडे गार असा फरक असेल तर आणखी बरे. सतत 30 अंशांच्या वर ठेवू नका. आधी वाकडी मान वर येते, मग ती सरळ होते आणि बियांचे कवच टोपीसारखे डोक्यावर बसलेले दिसते. ते ओढून काढू नका, हलका फवारा मारला की सुटते. त्याखाली पाच-सहा बारीक बीजदलांची छत्री असते. पहिल्या वर्षीच्या सुया खोडावर एकेकट्या येतात. मोठ्या झाडावरचे सुयांचे झुपके या वयात दिसणार नाहीत.

चांगली उगवलेली रोपे रातोरात आडवी पडतात. का?

हा रोपे कोलमडण्याचा रोग. लार्चच्या रोपवाटिकेत सर्वांत जास्त रोपे यात जातात. पिथियम, फ्युझेरियम, रायझोक्टोनिया यांपैकी कोणतीही बुरशी असू शकते. मातीलगत खोड पाणचट होते, चिमटल्यासारखे बारीक होते आणि वरचा हिरवा शेंडा तसाच असताना रोप झोपते. उगवण्यापासून खोड काष्ठमय होईपर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, हा धोका राहतो.

कारण जवळजवळ नेहमी पाणी हेच. तेही रोज, थोडे थोडे, संध्याकाळी दिलेले. त्याने पृष्ठभाग रात्रभर ओला राहतो आणि खाली माध्यम कोरडेच. त्याऐवजी सकाळी बारीक झारीने तळातून पाणी निघेपर्यंत द्या आणि मग थांबा. ट्रे उचलून पाहा. हलका लागला तरच पुढचे पाणी. वर प्लास्टिकचे झाकण असेल तर पहिल्या अंकुराबरोबर ते काढा. हवा खेळती ठेवायला मंद पंखा चालतो. पहिले चार आठवडे खत नाही.

एक गठ्ठा पडू लागला की पडलेली आणि त्यांच्या भोवतालची 2 ते 3 सेंटिमीटर अंतरातली रोपे माध्यमासकट चमच्याने काढून टाका आणि तो ट्रे वेगळा ठेवून कोरडा करा. पडलेले रोप वाचत नाही. बुरशीनाशकाने पसरणे थांबू शकते, पण पाण्याची सवय तशीच राहिली तर पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

आडवी पडली, पण पाणी कमीच होते.

मग ऊन पाहा. गडद रंगाच्या कोरड्या पीटचा पृष्ठभाग दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो आणि मातीलगतचे कोवळे खोड भाजते. भाजल्याची खूण उन्हाच्या बाजूला असते : फिकट, खोलगट डाग. बुरशीत खोड सगळ्या बाजूंनी काळपटते. उपाय म्हणजे वर सांगितलेला खडीचा थर आणि पहिले तीन-चार आठवडे 30 ते 40 टक्क्यांचे शेडनेट. त्यानंतर नेट काढाच. सावलीत लार्च लांबुळका आणि लेचापेचा होतो.

खोड सपशेल कापले गेले असेल तर गोगलगाय किंवा मातीत राहून रोपे कुरतडणारी अळी. रात्री टॉर्च घेऊन बघा.

ट्रेमधली रोपे कधी उपटून वेगळी लावावीत?

दोनच वेळा बऱ्या. एक, बीजदले नुकती उघडली आहेत आणि मूळ अजून एकच सरळ आहे तेव्हा. दुसरी, पुढच्या हिवाळ्यात रोप झोपलेले असताना. मधल्या काळात हलवले तर ती वाढ वाया जाते. रोप बीजदलांना धरून उचला. खोड चिमटीत धरले की चिरडते.

खत कधी आणि किती?

खऱ्या सुया दिसू लागल्या की पाण्यात विरघळणारे संतुलित खत, पाकिटावर लिहिलेल्या मात्रेच्या चौथ्या हिश्शाने, आठवड्यातून एकदा. आठ आठवड्यांनंतर निम्मी मात्रा. उन्हाळा उतरू लागला की नत्र बंद. पहिल्या वर्षीचे रोप दिवस लहान होईपर्यंत वाढतच राहते. त्याला उशिरापर्यंत नत्र दिले तर शेंडा काष्ठमय होत नाही आणि पहिल्या दहिवरात काळा पडतो.

सुया पिवळ्या पडल्या.

नवे शेंडे पिवळे आणि जुन्या सुया हिरव्या असतील तर सामू वर गेला आहे, लोह मिळत नाही. नळाचे पाणी जड असेल तर पावसाचे पाणी वापरा. जुन्या सुया आधी पिवळ्या पडत असतील तर नत्र कमी. जांभळट छटा थंडीने किंवा स्फुरदाच्या कमतरतेने येते. थंडीची असेल तर ऊब आल्यावर आपोआप जाते. आणि शरदात सगळेच पिवळे झाले तर अभिनंदन, झाड लार्चच आहे. पहिल्या हिवाळ्यात काही रोपे थोड्या सुया हिरव्याच ठेवतात. त्यात काही गैर नाही.

मुळांवरची बुरशी बाहेरून घालावी का?

लार्चच्या मुळांना काही बुरशींची सोबत लागते. त्यांतली स्विलस ग्रेव्हिली ही पिवळसर-केशरी छत्री तर लार्चखालीच उगवते. जवळ लार्चचे निरोगी झाड असेल तर पुनर्लागवडीच्या वेळी त्याच्याखालच्या कुजलेल्या थराची चिमूट प्रत्येक खड्ड्यात घाला. पेरणीच्या ट्रेमध्ये नको. त्यातून रोपे कोलमडवणारी बुरशीही येते.

पहिला हिवाळा कसा काढावा?

बाहेरच. घरात आणले तर थंडी पुरी होत नाही. फांद्या कितीही थंडी सोसतात, पण मुळे तितकी काटक नसतात. म्हणून कप जमिनीत किंवा वाळूच्या खोक्यात काठापर्यंत गाडा. सुया नाहीत म्हणजे पाणी नको, असे मात्र नाही. माध्यम पूर्ण सुकता कामा नये.

कायमच्या जागी कधी लावावे?

रोप 30 ते 60 सेंटिमीटर झाल्यावर. उघड्या वाफ्यातल्या रोपाला याला साधारण दोन वर्षे लागतात : एक वर्ष पेरल्या जागी, एक वर्ष बदललेल्या जागी. लार्चच्या कळ्या वसंतात फार लवकर फुटतात. त्यामुळे उघड्या मुळांची रोपे सुया गळल्यापासून कळ्या फुगण्याआधीपर्यंतच लावावीत. हिरवी टोके दिसू लागल्यावर उपटलेले रोप जगले तरी वर्षभर रुसून बसते. भोवतीचे 1 मीटर गवत दोन-तीन वर्षे काढत राहा. हरणे किंवा ससे असतील तर जाळीचे कुंपण हवेच.

भर उन्हाळ्यात सुया तपकिरी होऊन गळतात.

ओलसर हवेत युरोपीय लार्चच्या रोपवाटिकेत मेरिया लॅरिसिस ही बुरशी येते. फांदीच्या टोकाच्या नव्या सुया हिरव्या आणि मागच्या तपकिरी, ही तिची खूण. दहिवराने उलट होते, कोवळी टोकेच जातात. गळलेल्या सुया गोळा करून नष्ट करा आणि रोपांत अंतर वाढवा. गंधकाची फवारणी ही जुनी, अजूनही चालणारी पद्धत. सुया आतून पोखरलेल्या आणि त्यांवर काडीएवढी बारीक नळी चिकटलेली दिसली तर ती केसबेअरर अळी. पांढरी लोकर दिसली तर मावावर्गीय कीड. दोन्ही थोड्या रोपांवर हातानेच आटोक्यात येतात.

जपानी लार्च लावणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. फायटोप्थोरा रॅमोरम हा रोग 2009 मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात या झाडांवर आढळला आणि त्यानंतर ब्रिटनमध्ये लार्चची बने मोठ्या प्रमाणावर तोडावी लागली. तुमच्या भागात हा रोग असेल तर बी आणि रोपे आणण्याचे नियम आधी पाहा.

झुकत्या फांद्यांच्या लार्चचे बी लावले तर तसेच झाड येईल का?

भरवसा नाही. असे वाण कलम करूनच टिकवतात.

पहिले शंकू कधी येतील?

मोकळ्या उन्हात वाढलेल्या झाडावर साधारण 10 ते 15 वर्षांनी. झाड एकटे असेल तर सुरुवातीच्या शंकूंतले बी बहुतांश पोचट निघते. भरघोस बियांची वर्षेही दरसाल येत नाहीत, काही वर्षांच्या अंतराने येतात. जवळपास त्याच जातीची आणखी झाडे असतील तरच ब्लेडखाली पांढरा गर दिसेल.